हिरवळीत उपाशी

दरवर्षी दिवाळीनंतर पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीकडचे मेंढपाळ माळशेज घाटाच्या वाटेला लागतात. गावातली दिवाळी उरकायची, म्हाताऱ्या माणसांच्या आणि शाळकरी पोरांच्या जेवणाखाणाची सोय लावायची आणि निघायचं. पुढे मेंढका, मागे दोन-तीनशे मेंढरं, मधेमधे कान टवकारून चालणारी कुत्री आणि सगळ्यात शेवटी बायका हाकत आणतात ती घोडी. तिच्या पाठीवर अख्खं बिऱ्हाड असतं. पिठाचं गाठोडं, भांडी, अंथरुणं, रात्री मेंढरं कोंडायची वाघर, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि या सगळ्यावर वाटेत जन्मलेलं ओलं कोकरू. अशी चार-पाच बिऱ्हाडं एकत्र चालली की एक वाडा होतो. घाट उतरून हे वाडे मुरबाड, शहापूर, भिवंडीकडच्या भातखाचरांत शिरतात. फलटणकडचे काही भोरवरून वरंध घाटाने महाडकडे उतरतात. काही उलट्या दिशेने मराठवाड्यात, कुणी थेट विदर्भात जातात.

या चालण्यामागे एक साधा हिशेब आहे. सह्याद्रीच्या पश्चिमेला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेला साठ-सत्तर किलोमीटरवर जेमतेम पाचशे. दख्खनी मेंढी कोकणातला पावसाळा काढू शकत नाही. चिखलात तिचे खूर कुजतात, ओल्या लोकरीत ती गारठते, पोटात जंत आणि पर्णकृमी वाढतात. म्हणून पावसाळा माण, पारनेर, दौंड, जत असल्या अवर्षणी तालुक्यांत काढायचा आणि तिकडचा चारा संपला, की भात कापून मोकळ्या झालेल्या ओलसर कोकणात उतरायचं. वळवाची चाहूल लागली की परत वर. पावसाला हुलकावणी देत, पण त्याचा माग न सोडता वर्ष काढायचं. हे वेळापत्रक कुठल्या विद्यापीठाने आखून दिलेलं नाही. मात्र कोरडवाहू प्रदेशात जनावर पाळण्याची याहून काटकसरीची रीत अजून कुणी दाखवलेली नाही, असं माझं मत आहे. या मेंढीला विकतचं खाद्य जवळजवळ लागत नाही, गोठा लागत नाही, वीज लागत नाही. माणसाला खाता येत नाही असं धसकट, पाला, तण ती खाते आणि त्याचं मटण आणि खत करून देते.

खताचा भाग जवळून पाहण्यासारखा आहे. मुरबाडच्या बाजूला एका खाचरात संध्याकाळी सौदा चालला होता. शेतकरी बांधावर उभा, मेंढपाळ उकिडवा बसलेला.

“किती रात्री बसवशील?”

“तुमी म्हनाल तितक्या, पाटील. पन तीन रातींच्या खाली परवडत न्हाय.”

“मागल्या साली तांदूळ दिला होता.”

“तांदूळ द्या, वर रोख बी द्या. पोरास्नी शाळा हाय आता.”

सौदा ठरला, तशा बायकांनी खाचराच्या एका कोपऱ्यात खुंट्या ठोकून वाघर ताणली. हे सुताचं कमरेएवढ्या उंचीचं जाळं म्हणजे मेंढरांचं फिरतं कुंपण. दिवसभर तळावर डालग्याखाली आणि जाळीत राहिलेली कोकरं सुटली आणि पाच-दहा मिनिटं नुसता कालवा झाला. शंभरावर आया आणि शंभरावर पिल्लं, सगळी एकाच सुरात ओरडणारी. प्रत्येक मेंढी पिल्लाच्या शेपटाखाली हुंगून आपलं पारखत होती, परक्याला ढुशी देत होती. एका मेंढीने आपलं कोकरू घेतलं नाही, तेव्हा वाड्यातल्या आजींनी तिला गुडघ्यात दाबून धरलं आणि कोकराचं तोंड सडाला लावलं. हे चालू असताना आजी माझ्याशी चुलीवरच्या कालवणाबद्दल बोलत होत्या.

पहाटे मेंढरं लगेच सोडत नाहीत. आधी वाघरीच्या आत हिंडून त्यांना उठवतात आणि जरा वेळ तिथेच उभी ठेवतात. उठल्या उठल्या मेंढी मुतते, लेंड्या टाकते; ते शेतकऱ्याच्या रानात पडलं पाहिजे, रस्त्यावर पडून कुणाचा फायदा नाही. दुसऱ्या रात्री वाघर एक घर पुढे सरकते. असं करत सगळं खाचर सारखं भरतं. मेंढीच्या खतात साधारण तीन टक्के नत्र, एक टक्का स्फुरद आणि दोन टक्के पालाश असतं असं कृषीची पाठ्यपुस्तकं सांगतात. उकिरड्यातल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का भरलं तरी पुष्कळ. शिवाय मूत्र थेट मातीत मुरतं, वाहतुकीचा खर्च नाही आणि खुरांनी माती वरच्यावर चाळली जाते. शेतकऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. लेंडीखत पडलेल्या रानाचा कस दोन-तीन पिकांपर्यंत टिकतो, असं ते सांगतात. रासायनिक खताच्या किमती वाढल्या, की मेंढपाळाला आवतण येतं. युरिया सहज मिळायला लागला, की तोच मेंढपाळ शिवारात नकोसा होतो.

आणि तरीही हा धंदा मोडकळीला येतो आहे. दुष्काळामुळे येत असेल, असा आपला अंदाज असतो. दुष्काळात हाल होतातच. पण मेंढपाळांना सर्वांत अवघड महिने कोणते असं विचारलं, तर बहुतेक जण मार्च-एप्रिलचं नाव घेत नाहीत. ते जून ते सप्टेंबर म्हणतात. चहूकडे हिरवंगार असताना त्यांची मेंढरं उपाशी असतात.

हे कोडं उकलायला फारसं कठीण नाही. पावसाळ्यात प्रत्येक रानात पीक उभं असतं. पूर्वी खरिपात पडीक राहणाऱ्या जमिनी, बांध, ओढ्याकाठचे पट्टे, गावाची गायरानं आणि डोंगरउताराची कुरणं हा पावसाळ्यातला आसरा होता. कालवे आले, विहिरी-बोअर झाल्या, ठिबक आलं, तसा ऊस आला, डाळिंब आलं, द्राक्षं आली आणि त्यांच्याभोवती तारेचं कुंपण आलं. माणसाने माळावर पाणी चढवलं यात वाईट काय, असं कुणीही विचारेल आणि ते बरोबरच आहे. पण त्या पाण्याने माळावरच्या दुसऱ्या माणसाची पायवाट बुडाली, हे कुठल्या प्रकल्प अहवालात नमूद नसतं. मग मेंढका ऊसपट्ट्यातल्या रस्त्याच्या कडेने मेंढरं चारतो. चार तोंडं कुणाच्या मक्यात गेली की भांडण, दंड, कधी मारहाण. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यांत घुसली तर किराळ लागून, म्हणजे विषबाधा होऊन, अर्ध्या तासात मेंढरं आडवी होतात. काठी घेऊन तो दिवसभर मेंढरांना हिरव्यापासून लांब ठेवत असतो. चारणारा माणूस राखणदार होऊन बसला आहे.

उरला डोंगर. तिथे वनखात्याची रोपवनं असतात, म्हणजे काही वर्षं चराईला बंदी. आणि वनखात्याचं नसेल तिथे गावाची चराईबंदी.

इथे जरा थांबलं पाहिजे. ढवळपुरी पारनेर तालुक्यात आहे आणि राळेगणसिद्धीही त्याच तालुक्यात. राळेगणसिद्धीने आणि शेजारच्या नगर तालुक्यातल्या हिवरेबाजारने पाणलोटाची जी कामं केली, त्यांनी महाराष्ट्राला शिकवलं. त्यांची पंचसूत्री आदर्श गाव योजनेतून राज्यभर गेली: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. चराई थांबली, उतारावर गवत आलं, लोकांनी ते विळ्याने कापून गाईम्हशींना घातलं, दूध वाढलं. हे खरं आहे, डोळ्यांनी दिसतं. पण हा फायदा ज्याच्याकडे गोठा आहे, कापायला घरात हात आहेत आणि ज्याची जनावरं एका जागी उभी राहतात, त्याचा. दोनशे मेंढरांना कुणी कापून घालू शकत नाही. त्यामुळे ज्या गावात बंदी झाली तिथली मेंढरं शेजारच्या गावात गेली; तिथेही बंदी झाली तेव्हा त्याच्या पलीकडच्या गावात. उरलेल्या माळांवरचा भार वाढला, ते माळ उघडे पडले आणि मग त्या उघड्या माळाकडे बोट दाखवून सांगितलं गेलं, पाहा मेंढरांनी काय केलं. मेंढपाळाला दोष देण्याआधी ही साखळी मागे जाऊन बघायला हवी.

मेंढरांनी माळ कधीच खराब केला नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. गवताचे जाणकार माळाची तब्येत गवतावरून सांगतात. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातल्या गवताळ प्रदेशांचं जे वर्गीकरण मांडलं, त्यात दख्खनचं पठार पवना आणि मारवेल या गवतांच्या पट्ट्यात येतं. दोन्ही बहुवर्षायू, पौष्टिक, जनावरं आवडीने खातात. अतिचराई झाली, की आधी ही दोन मागे हटतात आणि कुसळी पुढे येते. तिची काटेरी कुसळं लोकरीत घुसतात, कातड्यात रुततात, कोकरांच्या तोंडाला जखमा करतात. त्याहून ऱ्हास झाला की नुसतं वर्षायू तण. आज पश्चिम महाराष्ट्राच्या बहुतेक माळांवर कुसळीचं राज्य आहे, याचा अर्थ चराईला कुठेतरी मर्यादा हवी होती. मर्यादा आणि बंदी मात्र वेगवेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या कुरणांत गवताचं बी पडेपर्यंत रान राखायचे आणि मग ते खुलं करायचे. बी पडल्यानंतर आत शिरलेली मेंढरं खुरांनी ते बी मातीत दाबतात, वाळका काडकचरा खाऊन जागा मोकळी करतात. दोन पावसाळे पूर्ण बंद ठेवलेल्या कुरणात वाळलेल्या गवताची गादी इतकी साचते, की उन्हाळ्यात एका विडीने वणवा पेटतो. वेळेवर चारलेला माळ आणि बेवेळी चारलेला माळ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नियम करताना मात्र फक्त ‘चारायचं की नाही’ एवढाच प्रश्न विचारला जातो, ‘कधी’ हा विचारलाच जात नाही.

माळाबद्दल आपल्या डोक्यात मुळातच गोंधळ आहे. झाड नाही म्हणजे उजाड आणि उजाड म्हणजे वाया गेलेलं, अशी आपली समजूत. सरकारी नकाशांत अशा जमिनींचा मोठा भाग ‘पडीक’ या सदराखाली जातो. मग पडीक जमीन सुधारायची म्हणून तिच्यावर गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावतात. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. तिथल्या परिसरातही दुष्काळी कामांतून झाडांची लागवड झाली होती, आणि उघड्या गवतात घरटं करणाऱ्या त्या पक्ष्याला झाडोरा नकोच असतो. माळढोक आता तिथे दिसला तर बातमी होते. लांडगा, खोकड, काळवीट, धाविक यांचंही घर हा माळच. अलीकडे पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर वनखात्याने पर्यटकांना गवताळ सफारीवर न्यायला सुरुवात केली आहे. चांगली गोष्ट आहे. पर्यटक जीपमधून लांडगा बघतील. त्याच लांडग्याला वर्षाकाठी चार-दोन कोकरं देऊनही त्याच माळावर राहणारा माणूस त्या चित्रात कुठे बसवायचा, हे ठरवणं बाकी आहे.

गायरानांची गोष्ट तर सगळ्यांसमोर घडली. सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २०११ साली दिला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, तेव्हा राज्यभरातल्या अतिक्रमणांचा आकडा दोन लाखांच्या वर निघाला. त्यांत गरिबांची घरंही आहेत, ती पाडून मेंढरं चारावीत असं कुणीच म्हणणार नाही. पण अतिक्रमण न झालेलं गायरान तरी राहील का? शेतीपंपांना दिवसा वीज देण्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारने गायरानांवर सौर प्रकल्प उभारायचं ठरवलं. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच आहे. पण गावात रिकामी जागा म्हटली की सगळ्यांची नजर एकाच जमिनीकडे वळते, कारण तिथे रोज येणाऱ्या माणसाच्या नावावर काही नसतं. परदेशात सौर पट्ट्यांखाली मेंढ्या चारतात, गवत कापण्याचा खर्च वाचतो म्हणून कंपन्या मेंढपाळाला उलट पैसे देतात. आपल्याकडे पहिलं काम होतं ते कुंपण घालायचं.

आता जनावराकडे येऊ. दख्खनी मेंढी काळी, काटक, तीसेक किलोची. दुष्काळात हाडांचा सापळा होते आणि पहिला पाऊस पडला की महिन्याभरात सावरते. तिच्या अंगावर वर्षाला जेमतेम अर्धा किलो लोकर येते, तीही भरड. पण या भरड लोकरीवर दोन जाती-जमातींचं पोट होतं. कातलेल्या सुताला चिंचोक्याची खळ लावून सणगर खड्ड्यातल्या मागावर घोंगडी विणायचे. पावसात तंबू, थंडीत पांघरूण, देवापुढे आसन आणि बाळंतिणीखाली अंथरूण म्हणून ती वापरात होती. नंतर गिरणीतलं स्वस्त ब्लँकेट आलं, प्लास्टिकचं इरलं आलं, आणि आता तर लोकर कातरायची मजुरी मेंढपाळाला खिशातून द्यावी लागते. कातरली नाही तर मेंढीला उकडतं, गोचीड होतात, म्हणून कातरायची आणि लोकर बांधाला टाकून द्यायची. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात. एरवी तिला भाव उरलेला नाही.

लोकरीची किंमत संपली, तसं मेंढपाळाचं सगळं लक्ष मटणावर गेलं. मग काळी छोटी मेंढी कशाला? सांगलीच्या जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, पांढरी-तपकिरी, पोपटासारखं बाकदार नाक, अंगावर लोकर नावापुरती, वाढ झपाट्याने. आटपाडीच्या बाजारात चांगल्या माडग्याळ मेंढ्याभोवती गर्दी जमते. बाकदार नाकाचा एखादा मेंढा लाखांत गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. ही हौस आहे, थोडा सट्टाही. पण साध्या कळपांतही माडग्याळचा मेंढा सोडला जातो, कारण कोकरू तीन-चार महिन्यांत विकायचं असतं आणि मोठं कोकरू चार पैसे जास्त देतं. याची किंमत हळूहळू कळते. उंच जनावराला खायला जास्त लागतं, लोकर नसल्याने थंडी-पाऊस सोसत नाही, लांब चालणं झेपत नाही.

२०२१ च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत हे दिसलं. अवकाळी पाऊस आणि गार वारा एकदम आला आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर या भागांत उघड्यावर बसलेल्या मेंढ्या शेकडोंनी मेल्या. थंडीने आखडलेल्या मेंढ्या बिऱ्हाडाच्या तंबूत, चुलीजवळ ओढून आणल्या तरी वाचल्या नाहीत. अशा वेळी कुठलीच जात तग धरणार नाही, हेही खरं. पण अवकाळी दरवर्षीच येऊ लागला, तर अंगावर लोकर असलेली मेंढी मोडीत काढणं शहाणपणाचं आहे का, हा प्रश्न मेंढपाळ आपसात बोलू लागले आहेत.

मेंढी सुधारण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत विचारपूर्वक प्रयोग फलटणला झाला. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात सुंदरबनातली गरोळ मेंढी आणली. गरोळ म्हणजे दलदलीत गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारं, मांजरापेक्षा थोडं मोठं वाटेल असं जनावर. पण एका वेताला दोन-तीन पिल्लं देणारं. तिच्या अंगात जुळ्यांचं एक जनुक आहे. ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेरिनो मेंढ्यांत हेच जनुक सापडलं होतं आणि ते अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांतून तिकडे पोचलं असावं, असं संशोधक मानतात. फलटणच्या मंडळींनी गरोळचं बुटकेपण वगळून तेवढं जनुक स्थानिक दख्खनी रक्तात उतरवलं आणि त्यातून नारी सुवर्णा तयार झाली. एका वेताला एक देणाऱ्या मेंढीला जुळी व्हायला लागली. माडग्याळचा मेंढा सोडणाऱ्याला फक्त आकार दिसत होता. इथे मात्र मेंढीचा काटकपणा तसाच राहील याकडे लक्ष होतं. संस्थेने मेंढपाळांच्या कळपांतच चाचण्या घेतल्या, त्यामुळे अडचणही प्रामाणिकपणे पुढे आली: जुळ्यांना दूध पुरायला हवं, दूध यायला आईला चारा हवा. तळावर राहणाऱ्या, थोडी पेंड-मका घालू शकणाऱ्या घरांना सुवर्णा फायद्याची ठरते. रोज दहा-पंधरा किलोमीटर चालणाऱ्या वाड्यात दुसरं कोकरू कधीकधी ओझं होतं. जनुक बदललं तरी चाऱ्याचा प्रश्न तिथेच राहतो.

बाजाराबद्दल थोडक्यात. मटण किलोला सातशे-आठशेच्या पुढे गेलं, तरी मेंढपाळ अजून नगावर विकतो. व्यापारी कोकराच्या पाठीवर हात फिरवून वजनाचा अंदाज बांधतो आणि बोली लावतो. त्याचा अंदाज सहसा चुकत नाही, आणि चुकला तरी मेंढपाळाच्या बाजूने चुकत नाही. वाड्यावर एक लटकता काटा ठेवायला फार पैसे लागत नाहीत. पण चाऱ्याविना अडलेल्या, पावसाळ्यात हातउसने घेतलेल्या माणसाला काट्यावर हट्ट धरता येत नाही.

सरकार काहीच करत नाही, अशी तक्रार मला करायची नाही. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ पासून आहे; त्यात वीस मेंढ्या आणि एक मेंढा ७५ टक्के अनुदानावर मिळतो. पुढे त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी दरमहा सहा हजार रुपये चराई अनुदानाची भर पडली, म्हणजे जून ते सप्टेंबरची उपासमार सरकारने कागदावर मान्य केली. हे छोटं पाऊल नाही. पण अनुदानाची रचना पाहिली, की सगळ्या योजनांचा कल लक्षात येतो: जनावर द्यायचं, शेड द्यायची, मुरघासाच्या पिशव्या द्यायच्या. मेंढी जिथे चरते ती जमीन आणि ती तिथे जाते ती वाट मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही. मेंढपाळाला एका जागी बसवून ‘बंदिस्त’ करण्याकडे सगळा ओढा आहे. बंदिस्त पालन शेळीला काही प्रमाणात मानवतं, उस्मानाबादी शेळीच्या कितीतरी छोट्या गोठ्यांनी बरे पैसे मिळवले आहेत. त्यासाठी मात्र पाण्याची जमीन लागते, आणि ज्याच्याकडे पाण्याची जमीन आहे तो मुळात मेंढरं घेऊन कोकणात जात नाही.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या तिसऱ्या कलमात भटक्या आणि पशुपालक समाजांचा ऋतुमानानुसार चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. महाराष्ट्रातला धनगर मेंढपाळ अनुसूचित जमातीत नाही, तो भटक्या जमाती ‘क’ गटात आहे. म्हणून त्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या सदरात तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. वर्षातले सात-आठ महिने ज्याचा पत्ता रोज बदलतो, त्याने कुठल्या गावचा दाखला आणायचा? आरक्षणासाठी मोठमोठे मोर्चे निघतात, नेते भाषणं करतात, आणि २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं, २०२५ मध्ये त्यांच्या जन्माची त्रिशताब्दीही थाटात झाली. त्या व्यासपीठांवरून गवताबद्दल फारसं ऐकू आलं नाही. मेंढरं राखणारे लोक मोर्चाला कमीच येतात. मेंढरं कुणावर सोडून येणार?

तरुण पोरांना हे आयुष्य नको आहे, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लग्नाच्या बाजारात मेंढक्या पोराला मुलगी मिळत नाही. एमआयडीसीत बारा हजारांवर काम करणारा त्याच्यापेक्षा वरचढ ठरतो, मग मेंढक्याकडे तीन-चार लाखांची मेंढरं का असेनात. बायकांच्या वाट्याला आलेलं काम तर कुणी मोजतच नाही. तळ उठवणं, घोडीवर बिऱ्हाड चढवणं, पाणी शोधणं, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी, कोकरांची देखभाल, अंडी-कोंबड्या विकून मीठ-मिरचीचा खर्च काढणं हे सगळं त्यांच्याकडे. मुरबाडच्या त्या आजींना मी विचारलं, नातीला या कामात आणाल का? त्या हसल्या. “तिला बारावी करायची हाय. पन मेंढरं इकायची न्हाईत. मेंढरं म्हंजी आमची ब्यांक हाय, कवा बी काढा.” नात गावाला आजोबांजवळ राहून शिकते. वाड्यावर एक मोबाइल आहे, तो घोडीच्या पाठीवरच्या छोट्या सौर पट्टीवर चार्ज होतो, आणि रोज संध्याकाळी त्यावर घरी बोलणं होतं. पुढच्या मुक्कामाचं शेतही आता फोनवरच ठरतं. काही वाडे घाट उतरताना घोडीऐवजी टेम्पो करतात, कारण हमरस्त्यावर पहाटेच्या अंधारात ट्रकखाली मेंढरं गेल्याची उदाहरणं प्रत्येकाच्या घरात आहेत. परंपरा म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, ती माणसं सोयीचं जे मिळेल ते घेऊन चालत आहेत.

यांना हवं आहे ते फार नाही, आणि बरंचसं स्वस्त आहे. पावसाळी तळांवर जून-जुलैत लसीकरण, म्हणजे पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी वाडा निघायच्या आत टोचल्या जातील. आज डॉक्टर तालुक्याला पोचतो तेव्हा वाडा दुसऱ्या तालुक्यात असतो. वाटेवर पाणी पाजायला टाक्या. गवताचं बी पडून गेल्यावर, म्हणजे कार्तिकापासून, काही राखीव रानं ठराविक दिवसांसाठी परवाना देऊन खुली करणं. गवत पुन्हा आणायचं ज्ञान आपल्याकडे आहे: मेळघाटात पुनर्वसित गावांच्या मोकळ्या जागी तण उपटून चांगल्या गवतांची कुरणं वनखात्याने उभी केली, हरणांसाठी. त्याच पद्धतीने पवना-मारवेलची बियाणं एखाद्या गावाच्या गायरानावर टाकायला अडचण पैशाची नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्याहून मोलाची एक गोष्ट घरातच घडली: ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत पहिल्यांदाच भटक्या पशुपालकांची आणि त्यांच्या जनावरांची वेगळी नोंद घ्यायचं ठरलं. २०१९ च्या गणनेत महाराष्ट्रातल्या मेंढ्या सुमारे २७ लाख भरल्या होत्या, पण त्यांतल्या किती चालत्या आणि किती बसत्या, हे त्या आकड्यातून कळत नव्हतं. निदान विचारायचं तरी ठरलं. विचारणाऱ्यांना मात्र वाडा गाठण्यासाठी पावसाळ्यातच माळावर जावं लागतं. दिवाळीनंतर गेले, तर घरी म्हातारी माणसं भेटतात आणि मेंढरं माळशेजच्या खाली असतात.